वजनावर निवडलेले उंदीर, त्यांची चरबी आणि आपले बोकड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत कुठेही बकऱ्या पाळणाऱ्यांसमोर किंवा प्राणिशास्त्राच्या वर्गात निवड पैदाशीवर, म्हणजे हवी तशी जनावरे निवडून त्यांचीच पुढे पैदास करण्यावर, बोलायचे झाले की मी उंदरांपासून सुरुवात करतो. बोकडाचे सोडून हे उंदराचे काय काढले, अशी कुजबुज होतेच. मग प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा तेच ते येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही विद्यार्थ्यांचे, काही बकरीवाल्यांचे. क्रम लावण्याच्या भानगडीत फारसा पडलेलो नाही.

हे उंदीर नेमके कोणते? आमच्या माडावरचे?

नव्हेत. माडावर चढून शहाळी पोखरणारा उंदीर वेगळ्या जातीचा, भाताच्या बांधात बिळे करणारी घूस आणखी वेगळी. प्रयोगशाळेतला उंदीर म्हणजे घरात फिरणारा लहान उंदीर, शास्त्रीय नाव मस मस्क्युलस, आणि त्याचे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले पाळीव वंश. जन्मताना पिल्लू एक ते दीड ग्रॅमचे असते. गाभणकाळ १९ ते २१ दिवस. तीन आठवड्यांनी दूध तुटते आणि सहा ते आठ आठवड्यांत पिल्लू वयात येते. वर्षाला तीन-चार पिढ्या सहज निघतात. बकऱ्यांच्या एका पिढीला दोन-अडीच वर्षे धरली, तर वीस पिढ्यांचा प्रयोग पाहायला एक अख्खी नोकरी पुरणार नाही. उंदरांत तो पाच-सहा वर्षांत उरकतो. उंदीर निवडण्याचे कारण एवढेच.

वजनावर निवड करतात म्हणजे काय करतात?

सगळ्या पिल्लांना ठरलेल्या वयाला, बहुधा सहा आठवड्यांना, म्हणजे ४२ व्या दिवशी तोलतात. त्यातली सर्वांत जड नर-माद्या पुढच्या पिढीचे आईबाप. त्यांची पिल्ले पुन्हा ४२ व्या दिवशी तोलायची, पुन्हा जड ती ठेवायची. उलट्या बाजूने दुसरा वंश चालवायचा, त्यात सर्वांत हलकी ठेवायची. तिसऱ्या वंशात निवडच करायची नाही, कोणतीही जोडपी लावायची. हा तिसरा वंश लोकांना वायफळ वाटतो, पण त्याच्याशिवाय बाकी दोन्हींच्या आकड्यांना अर्थ नाही. खाद्य बदलले, उन्हाळा कडक गेला, एखादा आजार येऊन गेला तर तिन्ही वंशांचे वजन एकदम हलते. रक्तातले किती आणि हवामान-खाद्याचे किती, हे त्या न निवडलेल्या वंशाशी तुलना करूनच कळते.

हिशेब साधा आहे. समजा कळपाचे सरासरी वजन २४ ग्रॅम आणि आईबाप म्हणून निवडलेल्यांची सरासरी २७ ग्रॅम. फरक तीन ग्रॅम. पुढची पिढी तीन ग्रॅमने जड येईल का? नाही. त्या तीन ग्रॅमांतला काही भाग चांगल्या दुधाचा, छोट्या वेताचा, नशिबाचा असतो. तो पुढे जात नाही. पुढे जाणाऱ्या भागाला आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणतात. ते एकतृतीयांश असेल तर पुढची पिढी सुमारे एक ग्रॅमने जड येईल, म्हणजे २५ ग्रॅमवर.

हे प्रथम कोणी केले?

अमेरिकेत गुडेल यांनी १९३० मध्ये पांढऱ्या उंदरांवर सुरुवात केली आणि १९३८ मध्ये निष्कर्ष छापले. टोरांटोत मॅकआर्थर यांनी १९४० च्या दशकात मोठे आणि लहान असे दोन वंश काढले. पाठ्यपुस्तकांत जो आलेख सगळीकडे दिसतो तो एडिंबरोच्या फाल्कनर यांचा, १९५३ चा. सर्वांत लांब चाललेला प्रयोग जर्मनीतल्या डुमरस्टॉर्फचा. बाल्टिक समुद्राजवळच्या रॉस्टॉक शहराच्या शेजारचे हे गाव. तिथे १९७० च्या दशकापासून ४२ व्या दिवसाच्या वजनावर निवड चालू आहे. १४० हून अधिक पिढ्या होऊन गेल्या आणि त्या वंशातला उंदीर न निवडलेल्याच्या दुपटीहून जड झाला आहे.

मोठे करणे आणि लहान करणे, दोन्ही सारखेच सोपे?

नाही, आणि मला वाटते पशुपालकाने सगळ्यात आधी हेच समजून घ्यावे. फाल्कनर यांच्या प्रयोगात वरच्या दिशेने निवड केली तेव्हा निवडीच्या फरकातला सुमारे साडेसतरा टक्के भाग पुढच्या पिढीत उतरला. खालच्या दिशेने निवड केली तेव्हा तो सुमारे बावन्न टक्के निघाला. म्हणजे त्याच कळपात लहान करणे मोठे करण्यापेक्षा जवळजवळ तिप्पट सोपे ठरले.

यामागे एकच कारण नाही. छोट्या कळपात नात्यातली जोडपी लागतात आणि नात्यातल्या पैदाशीने वजन घटते. ही घट मोठ्यांच्या वंशात निवडीच्या विरुद्ध जाते, लहानांच्या वंशात निवडीला मदत करते. शिवाय आईचे दूध आणि वेताचा आकार यांचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. दर प्रयोगात हाच आकडा येतो असेही नाही. पण वर चढणे कष्टाचे आणि घसरणे सोपे, हे पुष्कळ ठिकाणी दिसते.

“मोठो बोकड इकलो. आता पिलां बारकी जातत. असां कित्याक?”

कुडाळकडच्या एका गृहस्थांनी हा प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर वरच्या प्रश्नातच आहे. कळपातला सर्वांत लवकर वाढलेला बोकड आधी विकला जातो. ईद असो, गावची जत्रा असो किंवा शिमग्याचे जेवण, गिऱ्हाईक त्याच्यावरच बोट ठेवते आणि पैसेही त्याचेच जास्त येतात. मग मागे राहतो तो किरकोळ बोकड माद्यांवर चालतो. कोणी ठरवून केलेले नसते, पण फाल्कनर यांचा लहानांचा वंश जसा तयार झाला तसाच हा कळप तयार होत असतो. वर बोकड घरचाच, त्याच्याच बहिणी, त्याच्याच मुली. म्हणजे नात्यातली पैदासही त्यात मिसळली. माद्या दहा असतील, पण बोकड एकच, आणि प्रत्येक पिल्लात निम्मे रक्त त्याचे. म्हणून नुकसान बोकडाच्या बाजूने सर्वांत वेगाने होते.

कोकण कन्याळसारखी आपल्या मातीतली, इथला पाऊस सोसणारी जात असताना कळपातले चांगले नर दरवर्षी खाटकाकडे जातात, याचे मला वाईट वाटते. दहा बोकडांतला सर्वांत चांगला एक राखला आणि नऊ विकले, तर खिशाला फार झळ बसत नाही. आणि तो दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या बोकडाशी बदलायचा.

मोठा उंदीर म्हणजे जास्त मांसाचा उंदीर, बरोबर ना?

इथे बहुतेकांची गल्लत होते. काटा फक्त वजन सांगतो. ते वजन पाण्याचे, मांसाचे, हाडाचे की चरबीचे, हे काट्याला माहीत नसते. आणि शरीराचे हे भाग एका चालीने वाढत नाहीत. मेंदू आणि हाडे आधी, मग स्नायू, चरबी सर्वांत शेवटी. नुकतेच जन्मलेले पिल्लू जवळजवळ चरबीविना असते. आईच्या दाट दुधावर ते थोडी चरबी धरते, दूध तुटल्यावर स्नायूंची वाढ जोरात होते, आणि वाढीचा वेग मंदावू लागला की खाल्लेल्यातला जास्त वाटा चरबीकडे जातो.

आता वजनावर निवड केलीत की काय होईल? ज्याची भूक मोठी ते पिल्लू जड, म्हणून ते निवडले जाते. ज्याचे स्नायू वेगाने भरतात तेही जड, तेही निवडले जाते. जे चरबी लवकर धरते तेही जड, आणि तेही निवडीत येते. काट्याला तिघेही सारखे. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वजनावर निवडलेल्या उंदरांत मांस वाढते हे खरे, पण चरबी त्याहून जास्त प्रमाणात वाढते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात तीन ते सहा आठवड्यांमधल्या वाढीवर निवडलेला ‘एम १६’ नावाचा वंश आहे. निवड वाढीच्या वेगावर होती, चरबीवर कोणी नजरही टाकली नव्हती. तरीही हे उंदीर खादाड आणि लठ्ठ निघाले.

तुलना कशाशी करता यावरही उत्तर बदलते. मोठ्या वंशातला आणि साध्या वंशातला उंदीर एकाच वयाला घेतला तर मोठा अधिक चरबीदार दिसतो. एकाच वजनाला घेतला तर मोठ्या वंशातला वयाने लहान असतो, त्याची वाढ अजून पुरी व्हायची असते, आणि मग चरबीचा फरक कमी होतो, कधी उलटाही पडतो. बाजारात ठरावीक वजनाला जनावर विकणाऱ्याने आणि ठरावीक वयाला विकणाऱ्याने एकाच वंशाबद्दल वेगळी मते दिली तर दोघेही बरोबर असू शकतात.

मग लवकरच्या वयाला तोलले तर चरबी टळेल?

पूर्ण टळत नाही. ‘एम १६’ आणि डुमरस्टॉर्फचा वंश, दोन्ही सहा आठवड्यांच्या आतल्या वजनावरच निवडलेले आहेत. भूक वाढली की ती आयुष्यभर वाढलेली राहते. कोवळ्या वयात ती मांसाकडे जाते, पुढे चरबीकडे.

उंदराच्या अंगातली चरबी मोजतात कशी?

जुनी रीत अशी. मेलेला उंदीर तोलायचा, ओव्हनमध्ये कोरडा करायचा, पुन्हा तोलायचा. गेलेले वजन पाण्याचे. कोरडा भुगा ईथरसारख्या द्रावकात धुऊन चरबी काढायची. उरलेले जाळले की राख राहते, ती खनिजांची. बाकी मुख्यतः प्रथिने. प्रौढ सस्तन प्राण्यात चरबी वगळून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असते आणि हे प्रमाण फारसे हलत नाही, त्यामुळे नुसते पाणी मोजूनही चरबीचा बराच नेमका अंदाज येतो.

पण असा तपासलेला उंदीर पुढे बाप होऊ शकत नाही. म्हणून आधी त्याला माद्यांवर लावतात, नंतर तपासतात. किंवा वृषणांजवळची चरबीची गादी तेवढी तोलतात, कारण ती एकूण चरबीच्या प्रमाणात वाढते. हल्ली क्ष-किरणांचे आणि चुंबकीय अनुनादाचे छोटे यंत्र येते. त्यात जिवंत उंदीर मिनिटा-दोन मिनिटांत तपासून होतो.

वजन सोडून थेट चरबीवरच निवड केली तर?

एडिंबरोत शार्प, हिल आणि रॉबर्टसन यांनी तेच केले. निष्कर्ष १९८४ मध्ये छापले. दहा आठवड्यांच्या नरांत शरीराच्या वजनाच्या मानाने वृषणांजवळची चरबी किती, यावर एक जोडी वंश: चरबीदार आणि सडपातळ. दुसऱ्या जोडीत चरबीचा भार वजा करून उरलेल्या वजनावर निवड. तिसऱ्या जोडीत निवड चार ते सहा आठवड्यांमधल्या भुकेवर. पुढे अनेक पिढ्यांनी चरबीदार आणि सडपातळ वंशांत चरबीच्या प्रमाणात सुमारे पाचपट अंतर पडले. म्हणजे वजन आणि चरबी यांची गाठ सुटू शकते. अट एवढीच की काट्याबरोबर आणखी काहीतरी मोजायला हवे.

जास्त खातो म्हणून वाढतो, की वाढतो म्हणून जास्त खातो?

दोन्ही. मोठ्या वंशांत भूक वाढलेली असतेच. पण खाद्याचा पैसा वसूल होतो की नाही, हे वाढ कशाची झाली यावर ठरते. एक ग्रॅम चरबीत साधारण नऊ किलोकॅलरी असतात. एक ग्रॅम मांसात तीनचतुर्थांश पाणीच, त्यामुळे ऊर्जा खूप कमी. तेच खाद्य मांसाकडे वळले तर काटा भराभर वर जातो, चरबीकडे वळले तर हळू. कोवळे जनावर खाद्य चांगले फेडते असे आपण म्हणतो, त्यामागे हे पाणी आहे.

हे सगळे एखाद्या जनुकाचे काम असते का?

सहसा नाही. वजनावर शेकडो जनुकांचा थोडाथोडा परिणाम असतो, म्हणून तर निवड इतक्या पिढ्या चालते. पण एकट्याने मोठा फरक करणारी जनुकेही आहेत. १९२९ मध्ये स्नेल यांनी वर्णन केलेल्या बुटक्या उंदरांत वाढीचा हार्मोनच तयार होत नाही. १९८२ मध्ये पामिटर आणि सहकाऱ्यांनी रॅट या वेगळ्या, मोठ्या जातीच्या उंदराचे वाढीच्या हार्मोनचे जनुक लहान उंदराच्या अंड्यांत घातले. जन्मलेल्या २१ पिल्लांपैकी सातांत ते जनुक उतरले आणि त्यातली सहा भावंडांपेक्षा बरीच मोठी झाली. १९९७ मध्ये मायोस्टॅटिन नावाचे जनुक बंद केलेल्या उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले. आणि १९९४ मध्ये लठ्ठ उंदरांच्या एका जुन्या वंशातून लेप्टिन हा भूक आवरणारा हार्मोन सापडला.

मला सर्वांत आवडणारे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचे. तिथे ब्रॅडफर्ड यांच्या निवड केलेल्या वंशात आपोआपच एक बदल उद्भवला. त्याने उंदीर ३० ते ५० टक्क्यांनी मोठे झाले, पण लठ्ठ झाले नाहीत. पुढे कळले की वाढीच्या हार्मोनला लगाम घालणारे एक जनुकच गळून गेले होते. काटा पाहता पाहता असे रत्न हाती लागते, पण क्वचित.

किती मोठे करत जाता येईल? कुठेतरी थांबत असेलच.

लहान कळपात वीस-तीस पिढ्यांत वाढ थांबल्यासारखी होते. निवडायला फरकच उरत नाही, नात्यातल्या पैदाशीचा भार वाढतो आणि जड माद्या नीट गाभण राहत नाहीत. लहानांच्या वंशातही शेवटी माद्यांची विण्याची अडचण आडवी येते. डुमरस्टॉर्फचा प्रयोग इतका चालला, कारण सुरुवातीचा कळपच अनेक वंशांची सरमिसळ करून बनवला होता आणि दर पिढीला भरपूर जोडपी राखली होती.

मोठ्या उंदरांचे काही बिघडते का?

सुरुवातीला उलट चांगले दिसते. मोठ्या वंशातल्या माद्यांमध्ये अंडी जास्त सुटतात, वेत मोठे होते. नंतर किंमत मोजावी लागते. डुमरस्टॉर्फच्या जड वंशाला आता संशोधक टायटन म्हणतात. हे उंदीर लहानपणापासून लठ्ठ असतात आणि त्यांचे आयुष्य साध्या उंदरापेक्षा खूपच तोकडे असते. त्यांचे खाद्य आवरले तर ते जास्त जगतात, असे २०२२ मध्ये छापलेल्या कामात दिसले आहे.

ब्रॉयलर कोंबडीचेही हेच झाले का?

बऱ्याच अंशी. कॅनडात १९५७ आणि २००५ च्या वाणांची कोंबडी एकाच खाद्यावर एकत्र वाढवून पाहिली. ५६ व्या दिवशी जुने वाण ९०५ ग्रॅमचे, नवे ४२०२ ग्रॅमचे. मात्र ब्रॉयलरच्या कंपन्या कधीच वजनावर थांबल्या. त्या छातीचे मांस, पायाची ताकद, खाद्याचा हिशेब असे पुष्कळ काही मोजतात. तरीही ब्रॉयलरच्या आईबाप कोंबड्यांना खाद्य मोजूनच द्यावे लागते, पोटभर दिले तर त्या लठ्ठ होतात आणि अंडी घटतात. टायटन उंदराची आठवण यावी असेच हे.

वडे-कोंबडीसाठी गावठीच हवी म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. गावठी कोंबडी कोणी वजनावर निवडलेली नाही, ती हळू वाढते आणि कापताना वयाने मोठी असते. चवीतला फरक बराचसा तिथून येतो.

आमच्या कोठीतले उंदीर भात खाऊन खाऊन मोठ्या जातीचे होतील का?

खाऊन आलेला लठ्ठपणा पिल्लांच्या जनुकांत उतरत नाही. आकार बदलायला कोण जगते आणि कोणाची पिल्ले उरतात, यात फरक पडावा लागतो. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर तसे झाले आहे. जहाजांबरोबर गेलेले घरगुती उंदीर तिथे साधारण दुप्पट झाले आणि समुद्रपक्ष्यांची जिवंत पिल्ले कुरतडू लागले. मांजर, साप, मुंगूस असलेल्या आपल्या वाडीत ती भीती नको.

बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कॉलेजात उंदरांवर असा प्रयोग करता येईल?

मनात आले आणि बाजारातून पांढरे उंदीर आणले, असे चालत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांना १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे नियम लागू आहेत. संस्थेची नोंदणी लागते, नीतिसमितीची मंजुरी लागते आणि प्राणी नोंदणीकृत ठिकाणाहूनच घ्यावे लागतात. शिवाय अभ्यास सांभाळून पदवीच्या काळात पाच पिढ्या गाठतानाच दमछाक होईल. त्यापेक्षा गावातल्या वीस-तीस बकऱ्यांची आणि त्यांच्या पिल्लांची वजने दोन वर्षे नीट लिहा. आई आणि पिल्लू यांच्या वजनांचा आलेख काढा. आनुवंशिकता शिकायला ते पुरेसे आहे आणि गावालाही उपयोगी पडते.

जुळ्यांतला निवडावा की एकटा जन्मलेला? एकटा तर नेहमी मोठा दिसतो.

उंदरांच्या प्रयोगात याच अडचणीसाठी जन्मल्याबरोबर प्रत्येक आईकडे पिल्लांची संख्या सारखी करतात, बहुधा आठ. बारा पिल्लांत वाटले गेलेले दूध आणि सहांत वाटलेले दूध यांचा फरक काट्यावर दिसतो, आणि तो रक्ताचा नसतो. बकरीत तशी वाटणी करता येत नाही. म्हणून एकट्याची तुलना एकट्याशी आणि जुळ्याची जुळ्याशी करावी. नाहीतर दर वेळी एकटा बोकडच निवडला जाईल आणि काही पिढ्यांत जुळी देणाऱ्या माद्या कळपातून कमी होतील. पहिलारू बकरीचे पिल्लूही असेच मागे पडते, त्याला तेवढी सूट द्यावी.

पिल्लांना तोलायचे कधी?

जन्माला, तीन महिन्यांना, सहा महिन्यांना आणि वर्षाला. तीन महिन्यांच्या वजनात आईच्या दुधाचा वाटा मोठा असतो, म्हणून ते आईची पारख करायला वापरा. बोकड निवडायला तीन ते नऊ महिन्यांमधली वाढ पाहा, म्हणून नऊ महिन्यांचे वजनही घेतलेत तर उत्तम. तोलताना पाठीच्या कण्यावर आणि छातीच्या हाडावर हात फिरवून चरबी किती धरली तेही वहीत लिहा. स्प्रिंगचा टांगता काटा आणि एक जुनी गोणी एवढ्यावर भागते. तोलायचे ते सकाळी, चरायला सोडण्याआधी.